बारावे वर्ष बसेपर्यंत

डहाणू, जि. ठाणे
९ जानेवारी १९९४

‘मोहीम’ या संगणक-कार्यक्रमाच्या कर्त्यांस,

ओळख नसताना लिहीत आहे, तेव्हा आधी मी कोण ते सांगतो. मी तलासरीच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. राहायला डहाणूला. शिक्षण मॅट्रिक. त्यापुढचे सगळे माझे मी शिकलो: पंचांगाचे गणित, थोडे संस्कृत, नकाशे काढणे, आणि अलीकडे संगणक. कुणी शिकवले असते तर इतके नीट आले नसते.

आपला कार्यक्रम आमच्या मंडळीत गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे. आम्ही टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. प्रत्येकाने एक पात्र धरायचे, त्याच्या तोंडून बोलायचे, अडचण आली की फासे टाकायचे. बाकीचे जग, म्हणजे वारा, शत्रू, बाजारभाव, दारावरचा पहारेकरी, हे सगळे एकाने सांगायचे. त्याला आम्ही पंच म्हणतो. पंच मी आहे. दहा वर्षांपूर्वी मर्चंट नेव्हीतल्या माझ्या मेहुण्याने या खेळाचे इंग्रजी पुस्तक आणले. शब्दकोश मांडीवर घेऊन ते मी वाचून काढले. निम्मे नियम चुकीचे वाटले, ते दुरुस्त केले. आमच्या जगाचे नाव ‘खाडीपार’. त्याचा नकाशा मी स्वतः काढला असून त्यात एकही गाव दुसऱ्या गावावर चढलेले नाही.

या जगातली आजची तारीख, सैन्य, साठे यांची नोंद आपला कार्यक्रम ठेवतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार कॅलेंडरची आहे. महिन्यांना आपापली नावे देता येतात हे चांगले, पण नाव सहा अक्षरांपुढे कापले जाते. आमच्या पाचव्या महिन्याचे नाव ‘होड्याओढणी’ आहे, कारण त्या महिन्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. आपल्या पडद्यावर रोमन लिपीत ते ‘होड्याओ’ एवढेच येते. होड्या नावाच्या कुणाला हाक मारल्यासारखे वाटते.

पण ही किरकोळ बाब झाली. मुख्य मागणी अशी की, एकाच जगात दोन नववर्षे ठेवता आली पाहिजेत. खाडीच्या दक्षिण तीरावर वर्ष चैत्रपालवीला बदलते, उत्तर तीरावर पावसाळा संपल्यावर, दिव्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. इथे गुजरातच्या सरहद्दीजवळ राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आपण पुण्याचे, म्हणून लिहिले.

लवकर करावे. निकड आहे.

दशरथ ज. सावे

• • •

पुणे
२४ जानेवारी १९९४

श्री. सावे यांना नमस्कार.

तुम्ही ‘कर्त्यांस’ असं लिहिलंय, पण कर्ते वगैरे कुणी नाहीत. मी एकटीच आहे. दिवसा एका कंपनीत पगारपत्रकांचे प्रोग्राम लिहिते आणि घरी आल्यावर ‘मोहीम’. भावाबरोबर हा खेळ खेळायचे तेव्हा नोंदी ठेवून ठेवून कंटाळले, त्यातून हा निघाला. आजवर गिऱ्हाइकांची जी पत्रं आली त्यांत ‘फ्लॉपी उघडत नाही’ याखेरीज काही नसायचं. पोस्टातले लोक पाकिटावर शिक्का इतक्या जोरात मारतात की ती उघडतच नाही. कॅलेंडरबद्दल लिहिणारे तुम्ही पहिलेच.

होड्यांचं जमेल. सहाऐवजी सोळा अक्षरं करते.

दोन नववर्षं मात्र अवघड आहेत. आत वर्ष म्हणजे एकच आकडा आहे आणि सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे. दोन आकडे ठेवायचे तर बरंच काही उकलून पुन्हा शिवावं लागेल. खरंच गरज असेल तर करेन, पण ती कशासाठी ते मला समजलं पाहिजे. निकड कसली?

आणि तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे? १.१ की १.२? प्रोग्राम सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावर हत्तीचं चित्र येतं, त्याच्या पायाशी लिहिलेलं असतं. तेवढं बघून कळवा.

मुक्ता आगाशे

• • •

डहाणू
१३ फेब्रुवारी १९९४

कु. मुक्ता आगाशे यांस,

कर्ती एक मुलगी आहे हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. नोंदी व्यवस्थित होत्या.

आवृत्तीचा आकडा पाहता आला नाही. संगणकाच्या खोलीत सध्या रंगकाम चालू आहे.

निकड अशी. आमच्यात एक खेळाडू आहेत, ते उत्तर तीराचे राजे. दुसरे दक्षिणेच्या आरमाराचे प्रमुख. काही वर्षांपूर्वी दोन्ही तीरांमध्ये करार झाला की बाराव्या वर्षापर्यंत कुणी कुणावर शस्त्र उचलायचे नाही. गेल्या डिसेंबरात उत्तरेच्या राजाने अचानक जाहीर केले, ‘माझी गलबते निघाली.’ मी पंच म्हणून हल्ला अवैध ठरवला. करार चालू आहे, गलबते परत फिरवा.

आता यातली खोच समजून घ्या. उत्तर तीरावर त्यांचे नववर्ष नुकतेच झाले होते, म्हणजे त्यांच्या लेखी बारावे वर्ष संपून तेरावे लागले. दक्षिण तीरावर मात्र चैत्रपालवीपर्यंत बारावेच चालू. राजेसाहेबांनी आपल्या सोयीचे कॅलेंडर धरले आणि एका ऋतूची आघाडी मारली. करार दक्षिण तीरावर झाला होता, सबब दक्षिणेचेच वर्ष धरायला हवे. मी हे त्यांना तीनदा सांगितले. त्यांनी ऐकले नाही. आपल्या कार्यक्रमात दोन्ही वर्षे शेजारी-शेजारी दिसू लागली तर यंत्रापुढे कुणाला वाद घालता येणार नाही.

यात व्यक्तिगत काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

दशरथ ज. सावे

• • •

पारेख टायपिंग अँड कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट
डहाणू रोड
६ मार्च १९९४

मुक्ताबेन, नमस्कार.

माझं मराठी बोलायला फर्स्ट क्लास, लिहायला तसं नाही. शाळा गुजराती मीडियमची. सांभाळून घ्या.

‘मोहीम’ मी माझ्या नावावर घेतला आहे. इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर आहे. प्रोग्राम चांगला, हत्ती पण चांगला. एक रिक्वेस्ट आहे. आमच्या खेळात एक पंच होता, तो आता येत नाही. डिसेंबरमध्ये बोलाचाली झाली. तो म्हणाला करार चालू आहे, मी म्हणालो खलास. तो म्हणाला पंच मी. मी म्हणालो पंच तू, पण खुर्ची माझी. आता हे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं. तो उठला, चप्पल घातली, गेला. चष्म्याचं घर इथेच राहिलं.

तर रिक्वेस्ट अशी, की पंचाचं काम कॉम्प्युटरने करावं. समोर काय दिसतं, कोण आला, काय बोलला, सगळं त्यानेच सांगायचं. आणि सांगताना जरा भाव खाईल असं काही करता आलं तर बघा. आमचा पंच तसा होता. गोदामात शिरलो तर ‘अंधार आहे’ एवढं सांगून त्याचं भागायचं नाही. वास कसला येतो, तांदूळ जुना की नवा, कडी कुठल्या बाजूला, सगळं. मोरूभाई आगरहून येतो, मच्छीवाला, दक्षिणेचं आरमार त्याच्याकडे. तो ओरडायचा, ‘ए कारकून, दरवाजा उघड ना पयला!’ आता कोण ओरडत नाही. मी आणि मोरू चा पितो, मग मोरू घरी जातो.

तो कॅलेंडर कॅलेंडर करत होता, ते मला अजून समजलं नाही. कॅलेंडरचा सवाल आला कुठे?

जमलं तर दिवाळीच्या आत करा. टायपिंगचा धंदा बसला. दिवाळीनंतर मी वापीला माझ्या साळ्याच्या फॅक्टरीत अकाउंट बघायला चाललो. कॉम्प्युटर बरोबर नेणार. तिथे आपलं कोणी नाही. पंच आतच असला म्हणजे बरं पडेल.

जतीन पारेख

• • •

पुणे
२२ मे १९९४

श्री. सावे, नमस्कार.

उशीर झाला खरा, पण सोबत फ्लॉपी आहे. आवृत्ती १.३. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवतेय, शिक्का पुठ्ठ्यावरच बसेल अशी आशा. यात दोन नववर्षं आहेत. प्रत्येक तीराचं वर्ष वेगळं दिसतं, उत्तरेचं डावीकडे, दक्षिणेचं उजवीकडे, आणि हवी असतील तर दोनापेक्षा जास्तही ठेवता येतात. उकलून शिवताना चार रविवार गेले, पण काम झाल्यावर माझं मलाच छान वाटलं.

करारांसाठीही एक नवी सोय करतेय. करार कधी संपतो ते प्रोग्रामच सांगेल. त्यासाठी तुमच्या त्या कराराचा मजकूर जसाच्या तसा हवा. सारांश नको, शब्द हवेत.

चालवून बघा आणि काय वाटलं ते मोकळेपणाने लिहा. रंगकाम झालं असेलच.

मुक्ता

• • •

डहाणू
१९ जून १९९४

चि. मुक्ता,

वयाने लहान आहेस, म्हणून ‘चि.’ लिहितो. राग मानू नये.

फ्लॉपी सुखरूप पोचली. कार्यक्रम चालवून पाहिला. उत्तम. सुरुवातीचा हत्ती नेहमीप्रमाणे सुबक. दोन्ही तीरांची वर्षे शेजारी-शेजारी दिसतात आणि माझे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. एकच दोष: उत्तरेचे वर्ष डावीकडे आणि दक्षिणेचे उजवीकडे आहे, ते वर-खाली हवे. नकाशात उत्तर वर असते.

कराराचा मजकूर खालीलप्रमाणे. राजेसाहेबांनी तोंडी सांगितला आणि मी लिहून घेतला. त्यांच्या शब्दांतला एक काना मी इकडचा तिकडे केलेला नाही. तशी सवयच आहे, कचेरीत जबाब असेच घ्यावे लागतात.

‘खाडीपार सन बारावे वर्ष बसेपर्यंत उभय तीरांनी एकमेकांवर शस्त्र उचलू नये.’

मजकुरात संदिग्ध काही नाही. बसणे म्हणजे खाली येऊन संपणे. धुरळा बसतो, सूज बसते, घसा बसतो. त्याचप्रमाणे वर्ष बसणे म्हणजे वर्ष संपणे. तेव्हा प्रश्न उरतो तो फक्त कुठल्या तीरावरचे वर्ष, एवढाच. आणि त्याचा निकाल तुझ्या कार्यक्रमाने लावला आहे.

राजेसाहेबांना हे कळवावे असे माझ्या मनात नाही. त्यांना विचारायचे असेल तर ते विचारतील.

दशरथ सावे

• • •

पुणे
१० जुलै १९९४

दशरथकाका,

आता मीही तुम्हाला काका म्हणते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

१.३ मध्ये हत्ती नाही. फ्लॉपीवर जागा पुरेना म्हणून मी तो काढला. तुम्ही ही आवृत्ती चालवलेली नाही. आणि तुमचं पहिलं पत्र जानेवारीचं, म्हणजे भांडणानंतरचं, आणि कॉम्प्युटर तर पारेखांच्या इन्स्टिट्यूटमध्ये. ते रंगकामही कुठे चाललं असेल असं मला वाटत नाही.

भांडण मला कसं कळलं, तर पारेखांचंही पत्र आलंय. मार्चमध्येच. त्यांनी ते गुप्त ठेवायला सांगितलं नव्हतं, तरी मी इतके दिवस गप्प बसले, कारण दोघांच्या मध्ये पडायची मला काही गरज नव्हती. पण तुमचा करार आल्यावर गप्प राहणं जमेना.

माझ्या शेजारच्या टेबलावर रुपल म्हणून एक मुलगी आहे, नवसारीची. तुमचं पत्र मी डब्याच्या सुट्टीत वाचत होते, तिने खांद्यावरून पाहिलं. म्हणाली, ‘बारावं बसलं म्हणजे सुरू झालं ना?’ मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, ‘काय बोलतेस! आमच्यात नवीन वर्ष बसतं. म्हणून तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवसाला बेसतुं वरस म्हणतात. मुलीला अठरावं बसलं म्हणजे अठरावं लागलं.’

काका, पारेखांनी करार सांगितला तो डोक्यात गुजराती ठेवून. तुम्ही लिहिला मराठीत. त्यांच्या लेखी करार बारावं वर्ष सुरू होताच संपला होता. कुठल्याही तीरावरचं वर्ष धरा. त्यांनी कॅलेंडरची चलाखी केलेली नाही. गलबतं तेव्हा तयार झाली, म्हणून तेव्हा निघाली, एवढंच. तुम्ही तीनदा कॅलेंडर समजावलंत, आणि तुम्ही कशाबद्दल बोलताय हेच त्यांना कळेना. गंमत म्हणजे पत्रात ते स्वतःच ‘टायपिंगचा धंदा बसला’ असं लिहितात. तिथे मात्र मराठी बसणं.

म्हणजे माझे ते चार रविवार वायाच गेले. असो.

पारेखांनी माझ्याकडे काय मागितलं तेही सांगते. पंचाची जागा कॉम्प्युटरने घ्यावी आणि त्याने गोदामातल्या तांदळाचा वाससुद्धा सांगावा. मी कळवलं की हे होणार नाही. त्यांना ते हवंय कारण दिवाळीनंतर ते डहाणू सोडतायत. वापीला, कायमचे. तुम्हाला हे माहीत नसावं असं वाटलं.

मुक्ता

• • •

डहाणू
२५ सप्टेंबर १९९४

चि. मुक्ता हिस,

मी मनोरमा सावे. ह्यांची बायको. तुझी-माझी ओळख नाही, पण तुझ्या पत्राने आमच्या घरात काय झालं ते तुला कळायला हवं. हे तुला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

पत्र आलं त्या दिवशी वाचून त्यांनी घडी घातली आणि मोठा शब्दकोश काढून बसले. मी विचारलं, काय बघताय? तर म्हणाले, ‘बसणे.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान. मी म्हटलं, इतकं काय आहे त्या बसण्यात? म्हणाले, ‘पुष्कळ अर्थ आहेत. हा एक नाही.’ मी म्हटलं, शब्दकोश कुणी केला, पुण्याच्या माणसानेच ना? मग त्याला उंबरगावच्या पलीकडचं काय माहीत?

मला मुळात याचंच हसू येतं. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दोघं पारेखांकडे जातो. हंसाबेन मठिया तळते, हे प्लेटभर खातात आणि ‘बेसतुं वरस, साल मुबारक’ म्हणतात. इतकी वर्षं म्हणतायत. त्याला बेसतुं का म्हणतात, हा विचार बाकी कशालाही नावं ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधी आला नाही. मी तसं म्हटलं तर मला म्हणाले, ‘तो सण आहे. सणाच्या नावाचा अर्थ कुणी काढत नाही.’

परवा मासळीबाजारात हंसाबेन भेटली. म्हणाली, ‘मनोरमाबेन, भाईंना सांगा, रविवारी आमच्यासमोरून दोनदा जातात, ते एकदा आत तरी या. एक फेरी जायची, एक यायची, आणि मान तलाठ्याच्या ऑफिसकडे. रविवारी तलाठी ऑफिस बंद असतं.’ मी विचारलं, जतीनभाई काय म्हणतात? ‘ते काय म्हणणार? खुर्ची खिडकीजवळ ओढून बसतात. मी म्हटलं हाक मारा. तर म्हणे, तो पंच आहे, त्याने आधी यायचं.’

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘मी पेपर आणायला जातो.’ पेपर घरी येतो आमच्याकडे.

आता तू असं काही लिहू नकोस की जा, भेटा. सांगितलं की हा माणूस जात नाही. त्यापेक्षा प्रोग्रामातलं एखादं काम काढून दे, ज्याला कॉम्प्युटरसमोर बसल्याशिवाय गत्यंतर नाही. दिवाळी जवळ आली.

मनोरमा सावे

• • •

पुणे
९ ऑक्टोबर १९९४

दशरथकाका,

१.४ पाठवतेय. उत्तर वर, दक्षिण खाली, तुम्ही म्हणालात तसं. हत्ती परत आणलाय.

एक अडचण आहे. कराराच्या सोयीत ‘बसेपर्यंत’चा अर्थ काय धरायचा ते मला ठरवता येत नाही. प्रोग्राम सुरू होताच विचारतो: ‘बारावे वर्ष बसले?’ याचं उत्तर ‘होय’ की ‘नाही’ हे पंचानेच कळ दाबून द्यायचं आहे. उत्तर दिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. आतून तसंच बांधलंय. पारेखांनाही ही आवृत्ती पाठवलीय. तेही अडून बसतील.

मुक्ता

• • •

डहाणू
७ नोव्हेंबर १९९४

चि. मुक्ता,

तुझ्या १.४ या आवृत्तीचा अहवाल देत आहे. या वेळी कार्यक्रम प्रत्यक्ष चालवून पाहिला आहे. हत्ती आहे. मात्र तो पूर्वीपेक्षा एका पायाने कमी आहे, ते पाहावे.

पाडव्याच्या सकाळी मी मनोरमेबरोबर पारेखांकडे गेलो. दरवर्षी जातो, त्यामुळे यात विशेष काही नाही. दार पारेखांनीच उघडले. मी म्हणालो, ‘साल मुबारक.’ ते म्हणाले, ‘साल मुबारक. बस.’

मी विचारले, ‘गुजरातीत की मराठीत?’

आत हंसाबेनच्या हातातून झारा पडल्याचा आवाज आला. पारेखांनी दार पूर्ण उघडले. मग म्हणाले, ‘दोन्हीत. बस ना, बाबा.’ मी बसलो. मठिया चांगल्या होत्या, तिखट किंचित कमी.

काल रविवारी इन्स्टिट्यूटमध्ये जमलो. टाइपरायटर सगळे गोणपाटात बांधलेले. टेबल आणि संगणक तेवढे उघडे होते. आगरहून मोरू आला. कार्यक्रम सुरू करताच तुझा प्रश्न पडद्यावर आला. पारेख म्हणाले, ‘हा कधीपासून असाच अडकला आहे. मी हात लावला नाही.’ कळ दाबण्यापूर्वी तोंडी निर्णय देणे मला योग्य वाटले, म्हणून मी उभा राहिलो. म्हणालो, ‘करार बारावे वर्ष लागताच संपलेला होता. उत्तरेचा हल्ला वैध आहे. पंचाने डिसेंबरात दिलेला निर्णय चुकीचा होता. पंच तो मागे घेत आहे.’ वाक्ये एवढीच होती. तयारी मी आदल्या दिवसापासून केली होती.

मोरू म्हणाला, ‘एवढंच होतं? मग वर्षभर काय बोंबील सुकवत होतास?’

पारेखांनी मोरूला गप्प केले. मग खुर्चीवरून उठून माझी जुनी खुर्ची, जी ते वापरत होते, ती माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली आणि ‘होय’ची कळ दाबली.

यानंतर उत्तरेची गलबते निघाली. पारेखांनी फासे हातात घेतले, फुंकर मारली. मी सांगू लागलो: वारा वायव्येचा, शिडे भरलेली, खाडीचे तोंड समोर, डाव्या हाताला खारफुटी, पलीकडे दक्षिणेच्या किल्ल्यावर एकच दिवा. तेवढ्यात मोरू, जो शत्रूपक्षाचा आरमारप्रमुख असून त्याला या क्षणी बोलण्याचा अधिकार नव्हता, ओरडला, ‘ए राजा! आज तिथी काय?’

मी पडद्यावर पाहिले. खाडीपारात त्या दिवशी अष्टमी होती.

‘अष्टमीला भांगाची भरती,’ मोरू म्हणाला. ‘पाणी चढत नाय धड. एवढी भरलेली गलबतं भांगाला खाडीत घालतो? आमच्या आगरात शेंबडं पोर पण घालणार नाय. रुतली तुझी सगळी.’

नियम तपासला. अष्टमीच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी पाणी किती, हे माझ्याच नकाशावर माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. गलबते रुतली. एकही सैनिक किनाऱ्याला लागला नाही.

पारेखांनी विचारले, ‘खाडीपारात तारीख तीच आहे, डिसेंबरची?’

मी म्हणालो, ‘तीच. खेळ थांबला होता.’

‘म्हणजे त्या वेळी तू हल्ला करू दिला असतास, तरी हेच झालं असतं?’

‘हेच.’

‘मोरूभाई, तुला माहीत होतं?’

‘मला कोणी विचारलं?’ मोरू म्हणाला. ‘तुम्ही दोघं कॅलेंडर आणि खुर्चीवर भांडत होते.’

मग पारेख हसू लागले. ते थांबेपर्यंत मला वर्णन पुढे नेता आले नाही. मी हसलो की नाही हे मनोरमा वेगळे सांगते, पण ती तिथे नव्हती.

आता सूचना. माझ्या यापूर्वीच्या सगळ्या मागण्या रद्द समजाव्यात. दोन नववर्षे राहू देत, केलीच आहेस तर. त्यांच्याऐवजी एकच मागणी आहे. पंचाने निर्णय दिला की तुझा कार्यक्रम त्याची नोंद करतो. पण दिलेला निर्णय मागे घेण्याची सोय त्यात कुठेही नाही. मी सगळे पडदे शोधले. आम्ही हे काम तोंडी केले. ते होते, पण फार जड जाते. कळ ठेवलीस तर बरे होईल. ती मोठी नको, पहिल्या पडद्यावरही नको. शोधावी लागली तरी चालेल. पण असावी.

पारेख गुरुवारी वापीला जात आहेत, संगणकासह. गलबते चिखलात आहेत आणि मोठी भरती येईपर्यंत हलणार नाहीत. तोवर त्यांच्या माणसांना काय दिसते, कसला वास येतो, किनाऱ्यावरून कोण हाका मारते, हे कुणीतरी सांगायला हवे. यंत्राला ते जमणार नाही असे तूच कळवले आहेस. तेव्हा येत्या रविवारी मला वापीला जाणे भाग आहे.

दशरथ सावे
पंच